दोन बोटं गोड

आमच्या सेवरिन भाऊजींना मी एकावन्न वर्षं ओळखते. त्यांच्या थोरल्या भावाशी, एवाल्डशी, लग्न करून या घरात आले तेव्हा ते वीस वर्षांचे होते आणि जेवणाच्या टेबलावर तोंडातून शब्द काढत नव्हते. आता एकाहत्तरचे झालेत. माझा एवाल्ड जाऊन बावीस वर्षं झाली. आणि एवढ्या काळात या माणसाला गोड वाइन आवडते की कोरडी, हे मला कधी कळलं नाही. त्यांनाही ते कळलेलं नाही, हे गेल्या ऑक्टोबरात समजलं. माझं स्वतःचं मी खात्रीनं सांगू शकत होते, तर तीही खात्री आता राहिली नाही.

मोझेल नदीच्या वळणावर आमचा मळा आहे. काळ्या पाटीच्या दगडाचा उतार, आणि इतका उभा की चढताना नाक जमिनीला लागतं. द्राक्षं तोडायची, पिळायची, रस पिंपात भरायचा. रसातली साखर यीस्ट खातं आणि तिची दारू करतं. त्याला पोटभर खाऊ दिलं की साखर संपते, वाइन कोरडी होते आणि डोक्यात जाते. मध्येच त्याच्या पुढचं ताट ओढलं की साखर उरते, वाइन गोड राहते आणि हलकी. एवढंच आमचं शास्त्र. पण ताट ओढायचं की नाही, आणि ओढायचं तर कधी, यावरून आमच्या गावात सख्खे भाऊ वेगळे निघालेत.

सासऱ्यांच्या वेळी भांडण नव्हतं. सगळ्यांना गोडच हवी असायची. कोळशाच्या खाणींकडून बस भरून माणसं यायची, गोड गोड म्हणत पेट्याच्या पेट्या उचलून न्यायची. आठ टक्के दारू. आमची माणसं दुपारच्या भाकरतुकड्याबरोबर अर्धी बाटली प्यायची आणि परत उतारावर चढायची, पडलं कुणी नाही. मग वारं फिरलं. शहरातल्या शहाण्यांनी ठरवलं की गोड वाइन म्हणजे आजीबाईंचं काम. तीच माणसं, त्याच बसमधून उतरून विचारायला लागली, "कोरडी आहे का?"

तोवर सासरे थकले होते आणि तळघराची किल्ली भाऊजींकडे आली होती. भाऊजी सरळ माणूस. मागितलीत कोरडी, घ्या कोरडी. यीस्टला शेवटचा कण चाटूनपुसून खाऊ दिला. पण तेव्हाचे उन्हाळे थंड, द्राक्षं अर्धवट पिकायची आणि आंबटपणा असा की लिंबू चावल्यागत तोंडं व्हायची. लोक मोठ्या तोऱ्यात कोरडी मागायचे, दोन घोट घ्यायचे, खूप खूप वाखाणायचे आणि सुरई अर्धी टाकून जायचे. भाऊजी त्या अर्ध्या सुरया स्वयंपाकघरात आणून माझ्यापुढे ठेवायचे आणि विचारायचे, "वहिनी, यांना हवं तरी काय?" मला काय ठाऊक. मी बटाट्याची धिरडी घालत असायचे.

आमच्याकडे उन्हाळ्यात दारावर डहाळ्यांचा जुडगा टांगतात. टांगला की अंगणात कुणीही येऊन बसावं, घरची वाइन प्यावी, घरचं खावं. जुडगा उतरवला की अंगण बंद. सत्त्याऐंशी सालच्या ऑगस्टमधला एक रविवार होता. अंगण तुडुंब. एका टेबलावरून परत आलेल्या सुरईच्या तळाशी उशिराची दोन बोटं उरली होती. उशिराची म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची, आमची जुनी गोड वाइन. इकडं धिरडी करपत होती, तिकडं एसेन शहरातला एक बँकवाला साहेब हाका मारत होता. मी सुरई न धुताच वरून कोरडी ओतली आणि नेऊन ठेवली.

साहेबांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि बायकोला म्हणाले, "ही. याला म्हणतात कोरडी. बाकीचे नुसतं नाव लावतात."

मी आत येऊन भाऊजींना सगळं सांगितलं. वाटलं, आता बोलणी खायची. बाहेर साहेबांनी दुसरी सुरई मागितली. भाऊजी खाली बघत म्हणाले, "वहिनी, हिच्यातही दोन बोटं घाला."

तिथून जे सुरू झालं ते चौतीस वर्षं चाललं. मी पडद्याआड उभी राहून प्रत्येक सुरईत दोन बोटं उशिराची घालायची, वरून कोरडी, आणि अंगणात वाहवा. दर वर्षी जुडगा टांगताना भाऊजी म्हणायचे, यंदा हे बंद करू. मी म्हणायचे, करा. आणि पहिली अर्धी सुरई परत आली की माझ्याकडे बघायचे. एकदा मी चिडून म्हटलं, "भाऊजी, ही लबाडी आहे." तर म्हणाले, "लबाडी कशी? ते मागतात कोरडी, मी देतो त्यांच्या मनातली कोरडी." आणि मग रात्रभर झोपले नसावेत, कारण सकाळी डोळे लाल होते. लबाडी करावी तर ती पचवावी, नाहीतर करू नये. यांना दोन्ही जमत नव्हतं.

त्यांना एकच मुलगी, फ्रीडेरिके. आम्ही रीके म्हणतो. ती नऊ वर्षांची असताना तिची आई गेली, मग तिच्या वेण्या मी घातल्या, शाळेचे डबे मी केले. दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात ती चौदाची होती. त्या साली असं ऊन पडलं की वेलीवरची द्राक्षं भाजून निघाली. ती अंगणातल्या बश्या आत आणायची. एकदा कुणाच्या ग्लासात उरलेला घोट तिनं चोरून घेतला आणि ग्लास हातात धरून तशीच उभी राहिली.

"काकू, हे काय आहे?"

"कोरडी," मी म्हटलं. सोळा वर्षांची सवय, तोंडातून तेच आलं.

"बाबानं केलीय?"

"मग काय मी केलीय?"

त्या दिवसापासून पोरीनं ध्यास घेतला. असली कोरडी करणार. ऱ्हाईनकाठच्या वाइनच्या कॉलेजात गेली, मग पाच-सात वर्षं ऑस्ट्रियात दुसऱ्यांची तळघरं सांभाळली. दोन वर्षांपूर्वी भाऊजी उतारावरून घसरून गुडघा मोडून बसले तेव्हा परत आली. स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला लोखंडाची लांब किल्ली असते, ती भाऊजींनी काढून तिच्या हातात दिली. मीच रडले.

रीकेचं सगळं चोख. सुरया माळ्यावर गेल्या. बाटली टेबलावर, पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत उघडायची. मला म्हणाली, "काकू, तू आता बस. किती वर्षं राबलीस." मी बसले. तळघरात यीस्ट विकतचं नाही, द्राक्षाच्या सालीवरचंच. वाइनमधलं काही मारायचं नाही, काही गाळायचं नाही, वर्षभर मोठ्या पिंपात तशीच जिवंत ठेवायची. साखर लिटरला तीन ग्रॅम. खरीखुरी कोरडी. मला ती दगड चाटल्यासारखी लागायची, पण मी कोण बोलणारी.

पाहुणे पिऊन म्हणायचे, "छान आहे हं. पण तुझ्या वडिलांची कोरडी, ती काही वेगळीच होती."

हे तिनं दोन उन्हाळे ऐकलं. द्राक्षं आधी तोडून बघितली, उशिरा तोडून बघितली. आता ऊनही पूर्वीचं राहिलं नाही. सप्टेंबर अर्धा झाला नाही तोवर द्राक्षं साखरेनं फुटायला येतात, आणि ती सगळी यीस्टनं खाल्ली की दारू तेरा टक्क्यांवर. सायकलवरून आलेली पोरं दोन ग्लासांत गळतात. ती मागतात, "काहीतरी हलकं द्या ना, पण गोड नको." भाऊजी बाकावर बसून माझ्या कानात म्हणायचे, "यांना अंग न भिजवता पोहायचंय." रीकेला मात्र हसू येत नव्हतं.

गेल्या ऑगस्टमध्ये तिला पत्र आलं. फाल्ट्‌स भागातल्या एका मोठ्या वाइनघरानं तळघराची मुख्य म्हणून बोलावलं होतं. अकरा नोव्हेंबरला, सेंट मार्टिनच्या दिवशी, उत्तर हवं. आमच्याकडे मळ्यांचे करारही त्याच दिवशी बदलतात. मी बटाटे सोलत होते, ती समोर येऊन बसली.

"काकू, वीस वर्षं मी त्या एका चवीच्या मागे आहे. तोच मळा, तेच पिंप, त्याच वेली. बाबाला जमलं ते मला जमत नाही. नाचता येईना अंगण वाकडं म्हणायला अंगणसुद्धा तेच आहे. मग मी इथं कशाला थांबू?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी पुढचा बटाटा उचलला.

संध्याकाळी भाऊजींना गाठलं. "सांगा तिला. झाकली मूठ फार दिवस झाकली."

"काय सांगू, वहिनी? की तू ज्याच्यापायी एवढी वर्षं घातलीस ती तुझ्या बापाची लबाडी होती, आणि तुझ्या काकूची दोन बोटं होती?"

"नाही सांगितलं तर ती जाईल."

"सांगितलं तरी जाईल."

आठवडाभर ते अंगणातून तळघराकडे आणि तळघराकडून अंगणात असे लंगडत फिरत होते. मी विचारलं की म्हणायचे, गुडघ्याचा व्यायाम.

रीके तीन दिवसांसाठी माइन्त्सला गेली, आणि सकाळच्या कॉफीनंतर त्यांनी मला तळघरात बोलावलं. बघते तो काय, तिच्या हजार लिटरच्या पिंपातून त्यांनी एकशेवीस लिटर वाइन काढून एका छोट्या स्टीलच्या टाकीत भरली होती. आणि पिंपापुढे एकशेसाठ बाटल्या रांगेत मांडल्या होत्या. त्यांनी स्वतः केलेली शेवटची उशिराची. गोड, म्हणून कुणी घेत नव्हतं, आणि त्यांना ती टाकवत नव्हती. पाटीवर खडूनं हिशेब केला होता.

"हजार लिटरला दोन बोटं म्हणजे एवढ्या," ते म्हणाले.

"भाऊजी, डोकं फिरलंय का तुमचं?"

"तिला वाटेल तिला जमलं. ती राहील. मग आपण मरू तेव्हा मरू."

मी आणखी बरंच बोलले. बोलता बोलता बूच काढायचा स्क्रू हातात घेतला होता. एकशेसाठ बाटल्या उघडल्या, दोघांच्या मनगटांना सूज आली. प्रत्येक बाटली ओतताना ते तिचा वास घ्यायचे, जणू निरोप घेतायत. त्या एकशेसाठ सोडून उशिराच्या आणखी चारच बाटल्या घरात उरल्या. बुचं एका बादलीत टाकली आणि बादली फळ्यांमागे सरकवली.

रीके परतली. दुसऱ्या दिवशी पिंपातला घोट घेतला आणि मला ओढत तळघरात नेलं. "चाख, काकू. चाख ना." तिचे डोळे भरले होते. "वर्षभर काही बोलली नाही, आणि आता आली. तीच आहे. चौदाव्या वर्षाची." मी घोट घेतला आणि मान हलवली. तोंडात तीच दोन बोटं. वर आले तर भाऊजी बाकावर मांजरासारखे डोळे मिटून बसलेले. त्या आठवड्यात पोरगी गाणी गुणगुणत होती. फाल्ट्‌सला नकार कळवते म्हणाली. मी म्हटलं, आज कळव. ती म्हणाली, द्राक्षं तोडून झाली की निवांत लिहीन.

आता यात भाऊजींची चूक काय, ते सांगते. त्यांच्या सगळ्या आयुष्यात वाइन तयार झाली की तिला गंधक द्यायचा, बारीक गाळायची. यीस्ट मेलेलं. मेलेल्यापुढे साखर ठेवा नाहीतर लग्नाचं जेवण ठेवा, जसंच्या तसं राहतं. रीकेचं यीस्ट मेलं नव्हतं. ते तळाशी पोट रिकामं ठेवून झोपलं होतं, आणि यांनी जाऊन त्याच्यापुढे पंचपक्वान्नाचं ताट वाढलं. चाळीस वर्षं पिंपं उपसलेल्या माणसाला हे सुचू नये? पण लबाडी लपवायच्या घाईत माणूस आपला धंदाही विसरतो.

सप्टेंबरच्या शेवटी, भर तोडणीत, रीके सकाळी तळघरातून वर आली आणि म्हणाली, "पिंप बोलतंय."

आम्ही तिघं खाली गेलो. तिनं पिंपाला कान लावला, मग मला लावायला सांगितला. आत बारीक बुडबुड चालली होती.

"नाताळलाच याचं खाणं संपलं होतं," ती म्हणाली. "तीन ग्रॅम. मी स्वतः मोजलं. मग आता हे काय खातंय?"

भाऊजी म्हणाले, "कधी कधी होतं असं. ऊन."

"उन्हानं साखर येत नाही, बाबा." तिनं नमुना तपासायला पाठवला. अकरा ग्रॅम निघाले. दोन दिवस ती चक्रावल्यासारखी फिरली. साखर मोजायचं यंत्र तपासलं, जुन्या नोंदी काढल्या, कॉलेजातल्या मास्तरांना फोन केला. मला विचारलं, "काकू, मी वेडी झालेय का? साखर पिंपात उगवत नाही." मी भांडी घासत होते, ती आणखी जोरात घासली. तिसऱ्या दिवशी तिला फळी हवी होती. फळ्यांमागे बादली सापडली.

ती एक बूच हातात घेऊन स्वयंपाकघरात आली आणि टेबलावर ठेवलं. बुचावर आमचा शिक्का आणि दोन हजार पंधरा साल. भाऊजी पाव कापत होते. सुरी खाली ठेवली.

"किती?" तिनं विचारलं.

"एकशेसाठ."

"का?"

मग त्यांनी सांगितलं. सगळं. एसेनचे साहेब, न धुतलेली सुरई, चौतीस वर्षं. सांगताना ते बुचाकडेच बघत होते. ती मध्ये एकदाच बोलली. "मी चौदा वर्षांची होते तेव्हा तो ग्लास?"

"त्यातही," मी म्हटलं. "मीच ओतलं होतं."

तिनं माझ्याकडे बघितलं. एवढ्या वर्षांत त्या पोरीनं माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. मला वाटलं ओरडेल, बरं झालं असतं. ती म्हणाली, "म्हणजे मी कोरडी शिकले ती गोड पिऊन." मग एप्रनच्या खिशातून किल्ली काढली आणि खिळ्याला अडकवली. "तुझी किल्ली, बाबा. तुझंच तळघर आहे ते."

दहा दिवस ती आमच्याशी कामापुरतं बोलली. उतारावर जायची, द्राक्षं तोडायची, तळघरात शिरायचं तर किल्ली मागून न्यायची आणि परत खिळ्याला लावायची. इकडं पिंप आपलं खातच होतं. अकराचे दहा, दहाचे नऊ. भाऊजी दर सकाळी कान लावून ऐकायचे. मी विचारलं, "काय म्हणतंय?" तर म्हणाले, "माझी पंधरा सालची खातंय."

एका दुपारी रीकेनं माळ्यावरून सुरई काढली, धुतली आणि माझ्यापुढे ठेवली. "कर, काकू. तू करायचीस तशी. आणि दुसरीत नुसती. कुठली कुठली ते सांगू नकोस."

उरलेल्या चार बाटल्यांतली एक मी उघडली. छोट्या टाकीत भाऊजींनी बाजूला काढलेली तिची नुसती कोरडी होती, ती घेतली. एका सुरईत दोन बोटं, एकीत काही नाही. पडद्याआड चार ग्लास भरले, प्रत्येकापुढे दोन ठेवले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सांगून करत होते.

रीकेनं दोन्ही चाखले, पाणी प्यायली, परत चाखले. मग उजव्या ग्लासावर बोट ठेवलं. "ही. मला राग आलाय, पण ही." दोन बोटांची होती.

भाऊजी फार वेळ लावत होते. ग्लास फिरवला, नाक घातलं, घोट तोंडात घोळवला. मग त्यांनी डावा ग्लास पुढे सरकवला. "आणि ही माझी. चौतीस वर्षांची. झोपेत ओळखीन."

"भाऊजी," मी म्हटलं, "तिच्यात काही नाही. ती हिची आहे."

त्यांनी ऐकलं नाही की काय म्हणून मी परत सांगितलं. त्यांनी तोच ग्लास उचलून परत घोट घेतला. चेहरा असा झाला, जसा आपल्याच घरात दार चुकलेल्या माणसाचा होतो.

"पण ही बरोबर लागतेय," ते म्हणाले.

"तुला तर माझी आवडत नव्हती," रीके म्हणाली. "तू कधी घेतलीस?"

"दोन वर्षं घेतोय. रोज संध्याकाळी ग्लासभर, तू आंघोळीला गेलीस की."

"न आवडता?"

"न आवडता. म्हणून तर घेत होतो. कुठं चुकतंय ते शोधत होतो, म्हणजे तुला सांगता आलं असतं." ते ग्लासाकडे बघत राहिले. "सापडलं नाही. आवडायला कधी लागली ते मात्र कळलं नाही."

मी दोघांचे उरलेले ग्लास आत नेले आणि उभ्यानं चाखले. आणि खरं सांगते, मी स्वतः ओतले होते, तरी कुठला कुठला ते मला सांगता आलं नाही.

त्या संध्याकाळी रीकेनं किल्ली मागितली. पिंप सातावर आलं होतं. तिनं पिंप थंड केलं, चिमूटभर गंधक दिला. आमच्या तळघरात पहिल्यांदाच तिनं असं केलं. भाऊजी पायरीवर बसून बघत होते.

"ओढलंस ताट?"

"ओढलं. नऊ ग्रॅमपर्यंत कायदा कोरडीच म्हणतो. निदान यापुढे खोटं बोलायला नको."

किल्ली मात्र परत खिळ्याला गेली.

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार, जुडगा उतरवायचा दिवस. एसेनचे ते बँकवाले साहेब आले. आता काठी टेकत, नातीबरोबर. नात म्हणाली, हलकं काहीतरी द्या, पण गोड नको. रीकेनं त्यांच्यासमोर पिंपातून भरलेली सुरई ठेवली आणि ओतली. नात प्यायली, म्हणाली, "छान. कोरडी आहे ना?"

"कायद्यानं आहे," रीके म्हणाली.

म्हाताऱ्यानं घोट घेतला, डोळे मिटले. मी धिरड्यांची बशी घेऊन तिथंच थांबले. भाऊजी बाकावर बुटांकडे बघत होते.

"चांगली आहे, पोरी," साहेब म्हणाले. "पण तुझ्या बापाची याहून कोरडी असायची."

रीकेनं भाऊजींकडे बघितलं. भाऊजींनी मान वर केली नाही. आणि मग ती हसायला लागली. आधी हळू, मग टेबलाला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. साहेबांना वाटलं त्यांनी काही विनोद केला, तेही हसले. मला हसू येत होतं की रडू ते कळेना, मी बशी ठेवली आणि आत पळाले.

मार्टिनच्या दिवशी मी हंस भाजला. फाल्ट्‌सचं पत्र मिठाच्या बाटलीला टेकवून ठेवलेलं होतं, त्याच्याशेजारी बंद पाकिटात तिचं उत्तर. भाऊजींच्या ताटातला कोबी निवला. शेवटी म्हणाले, "काय लिहिलंस?"

रीके हंसाची तंगडी सोडवत होती. "पिंप सातावर थांबलंय," ती म्हणाली. "पण यीस्ट मेलेलं नाही, झोपलंय. वसंतात तळघर तापलं की उठेल आणि उरलेलं खायला लागेल."

"लागेल," भाऊजी म्हणाले.

"म्हणजे एप्रिलपासून रोज कुणीतरी कान लावून ऐकायला हवं. फाल्ट्‌समधून ऐकू येत नाही ते."

भाऊजींनी काटा खाली ठेवला. "माझा उजवा कान गेलाय," ते म्हणाले.

"माहीत आहे मला. दीड महिना तू उजवाच लावतोयस." ती उठली, खिळ्यावरची किल्ली काढून खिशात टाकली आणि तळघराकडे जाता जाता विचारलं, "जेवणाबरोबर कुठली आणू, बाबा? माझी की तुझी?"

भाऊजींनी माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "वहिनी, मला कुठली आवडते?"

मी म्हटलं, "मला काय विचारता. पोरी, दोन्ही आण."